लाल पेनाचा रकाना

लातूरच्या ट्यूशन एरियात समुपदेशकाला उन्हाळ्यात उसंत नसते. मे महिन्यात ‘नीट’, मेडिकलची प्रवेश परीक्षा. त्याआधी ‘वाचलेलं राहत नाही’, ‘टेस्टला हात गार पडतात’ म्हणत पोरं येतात. त्या दिवशी आलेला मुलगा मात्र काहीच बोलत नव्हता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

रिपीटर, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणारा, अठरा पूर्ण झालेला. वडील घेऊन आले होते. “मॅडम, पोरगं लई गप झालंय. जेवतंय बी अर्धपोटी, रात्री जागंच असतंय.” ते बाहेर बसले. आत माझ्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर : “ठीक आहे.” शेवटी म्हटलं, अभ्यास कसा करतोस ते तरी दाखव. त्यानं सॅकमधून जाडजूड रजिस्टर काढलं.

चुकांची वही बहुतेक क्लासवाले करायला लावतात. चुकलेला प्रश्न उतरवायचा, शेजारी बरोबर उत्तर. याच्या वहीत तिसरा रकाना होता, लाल पेनाचा. मोलच्या गणितापुढे ‘मठ्ठ’. घर्षणाच्या प्रश्नापुढे ‘तुझी लायकी नाही’. जीवशास्त्रात ‘अयोग्य विधान ओळखा’ असं विचारतात आणि घाईत योग्य विधानाचा गोल काळा होतो. तसल्या एका चुकीपुढे ‘अण्णांचे पैसे बुडवलेस’. पानंच्या पानं. शिव्यासुद्धा पट्टीनं आखलेल्या चौकटीत, सुवाच्य अक्षरात.

“आणि जे बरोबर येतात ते?”

“तुक्के लागतात.”

“सगळे?”

“नाहीतर पेपर सोपा असतो.”

अपयशाचं कारण माणूस स्वतःला काय सांगतो, यावर लिन अब्रॅमसन, मार्टिन सेलिग्मन आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मांडणी केली. दोष माझाच, तो कायमचा, आणि सगळ्याच बाबतींत लागू, असा ग्रह झाला की निराशेला वाट मोकळी होते. इथं तर ते लाल शाईत लिहूनच ठेवलेलं. परीक्षेच्या ताणाला आपण उठसूट दोष देतो. तो खराच आहे : 180 मिनिटांत 180 प्रश्न, आणि उत्तर चुकलं की चार गुण गेलेच, वर एक कापला. पण तोच पेपर याच्या रूम पार्टनरलाही आहे. पेपरनंतर कोण स्वतःशी काय बोलतो, तिथे माझ्या मते फरक पडतो.

मग मी सरळ विचारलं, “जगणं नको असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येतात का?” असं विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. तो रडायला लागला. विचार येत होते, ठरवलेलं काही नव्हतं. अण्णांना आत बोलवू का, म्हटल्यावर म्हणाला, “ते काही बोलत नाहीत माझ्याशी. मार्कसुद्धा विचारत नाहीत. त्यांनी आशा सोडलीय.” बऱ्याच वेळानं तयार झाला.

वडील आत आले. मार्क का विचारत नाही, हे मी त्यांनाच विचारलं.

“टेन्शन नको म्हणून. घरी बी सगळ्यांना दम दिलाय, त्याला कुणी काही विचारायचं नाही.”

पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला. पुढं दोघं जे बोलले त्यात माझं काम नव्हतं.

नंतर एक पान आम्ही तिघांनी मिळून तपासलं. लाल रकान्यात चूक कशी झाली एवढंच लिहायचं. प्रश्न पुरता वाचला नाही. सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत. मुळात समजलंच नव्हतं असे प्रश्न फार थोडे निघाले. वडिलांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक ओळीला मान डोलावत होते.

वहीनं भागणार नव्हतंच. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, वर ते विचार. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांच्या नावानं चिठ्ठी लिहिली. वडिलांनी खोलीवरच मुक्काम करायचा ठरलं. रात्री-अपरात्री लागला तर म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये घातला. तिथं मराठीत बोलता येतं.

चिठ्ठी घेताना मुलगा अडखळला. “मॅडम, हे कॉलेजला कळलं तर? मेडिकलची ॲडमिशन अडेल?”

म्हटलं, उपचारांची माहिती गुप्त राहणं हा तुझा हक्क आहे, 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दिलेला.

“मग उद्या सकाळीच जाऊ,” वडील म्हणाले. “टेस्ट बुडली तर बुडू दे.”

“टेस्ट संध्याकाळी आहे, अण्णा.”