पोरगं गप्प झालं की सरळ विचारा

कोल्हापुरात कुठल्या पेठेत तरुण पोरानं आत्महत्या केली की दोन तासात कारण ठरलेलं असतं. पेपर अवघड गेला, पोरीनं नकार दिला, घरात मोबाईलवरनं भांडण झालं. चहाच्या गाड्यावर, तालमीच्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच एक कारण फिरतं आणि विषय संपतो. मला हे पटत नाही. मी राजारामपुरीत अभ्यासिका चालवतो, माझ्याकडं बसणारी बहुतेक पोरं-पोरी वीस ते तीसमधली, चंदगड, भुदरगड, राधानगरीकडनं आलेली, कोण एमपीएससी, कोण पोलीस भरती, कोण बँकेच्या परीक्षा, त्यामुळं हा विषय माझ्यासाठी नुसता पेपरातला नाही.

आधी आकडे बघू. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या पोलीस नोंदी गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेच्या अहवालात 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, 22,746. विद्यार्थी होते 13,044. पण कारणांच्या रकान्यात परीक्षेतलं नापास होणं जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास आहे, घरगुती अडचणी 31.7 टक्के आणि आजारपण 18.4 टक्के. ही पोलिसांची नोंद आहे, एका माणसामागं एक कारण लिहिलेलं, खऱ्या आयुष्यात असं एकच कारण कुणाचंच नसतं. तरीपण निकाल लागला की पोरांकडं लक्ष द्यायचं आणि बाकी अकरा महिने विसरायचं, ही आपली पद्धत किती अपुरी आहे हे त्यातनं दिसतंच की.

धोका थरावर थर चढत वाढतो. समजा एखादा पोरगा आहे, घरात आधीपासनं बापाची दारू आणि मारहाण बघितलेली, स्वतःला डिप्रेशन आहे पण त्याला कुणी नाव दिलेलं नाही, सगळे म्हणतात आळशी झालाय. त्यात तीन वर्षं परीक्षा देतोय, वय चाललंय, बरोबरचे गोकुळ शिरगावला नाहीतर शिरोलीला कामाला लागले, लग्नं झाली, त्यामुळं गावाकडच्या जत्रेला जायचं टाळतो. मग लोन ॲपचं कर्ज, झोप उडालेली, रात्री दारू. आणि त्यावर शेवटी ब्रेकअप. लोकांना दिसतं ते शेवटचं. पोरींच्या बाबतीत थर वेगळे असतात, लग्नासाठी दबाव, शिक्षण मधेच सोडायला लावणं, सासरचा छळ, कुणी फोटोवरनं ब्लॅकमेल करणं. आणि ज्यांना आपण गे आहोत किंवा ट्रान्स आहोत हे घरात सांगताच येत नाही त्यांच्यावर तर कायमच एक जादाचं ओझं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2012 ला भारतावरचा एक मोठा अभ्यास आला होता, त्यात बायकांमधल्या आत्महत्यांपैकी 56 टक्के 15 ते 29 वयातल्या होत्या, पुरुषांमध्ये 40 टक्के. पोरींबद्दल आपण किती कमी बोलतो बघा.

यातले सगळे थर असूनही बहुतेक पोरं जगतात, पुढं जातात, हेपण तितकंच खरं आहे. धोका आहे म्हणजे शेवट ठरला असं अजिबात नाही.

स्वतःला इजा करून घेण्याबद्दल थोडं वेगळं सांगायला पाहिजे, कारण इथं मोठी माणसं सगळ्यात जास्त चुकतात. पोरगी फुल बाह्याच घालायला लागली, हातावर खुणा दिसल्या की घरचे म्हणतात नाटकं करतीय, लक्ष वेधून घेतीय. बऱ्याच वेळा त्या पोरीला मरायचं नसतं, आत जे सहन होत नाही ते थोडा वेळ थांबावं म्हणून ती तसं करते आणि उलट लपवायलाच बघते. पण मरायचं नव्हतं म्हणून सोडून द्यायचं असंही नाही, अशा मुलांना पुढं जाऊन आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आणि आधी एकदा प्रयत्न झालेला असेल तर तो सगळ्यात मोठा इशारा. ओरडू नका, शपथा घालू नका, देवळात नेऊन कबूल करून घेऊ नका. शेजारी बसा आणि डॉक्टरकडं न्या. दवाखान्यातनं घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे फार जपायचे असतात, नेमकं तेव्हाच घरचे दमून सुटकेचा श्वास टाकतात आणि पोरगं एकटं पडतं.

वाचवतं काय? आपल्या गावाला हे खरंतर जुनं माहीत आहे. शाहू महाराजांनी 1901 पासनं इथं बोर्डिंगं काढली तेव्हा खेड्यातनं आलेल्या पोराला नुसतं छप्पर मिळालं नाही, माणसं मिळाली, कोण जेवला, कोण आजारी पडला हे बघणारं कुणीतरी मिळालं. आजचा पीजीतला पोरगा मेसचा डबा दाराबाहेरनं घेतो आणि आठवडाभर कुणाशी चार वाक्यं बोलत नाही. तालीम, फुटबॉलची टीम, गणपतीचं मंडळ, मैत्रिणींचा ग्रुप, यातलं काहीही चालेल, पण मी चार दिवस आलो नाही तर कुणाच्यातरी लक्षात येईल ही खात्री पाहिजे. फक्त त्याच कट्ट्यावर 'पोरगा हायस, रडतोस काय' असं म्हणत असतील तर तिथं बसूनही माणूस एकटाच राहतो.

आणि विचारायचं सरळ. "भावा, मरायचे विचार येतात का डोक्यात?" असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही भीती सगळ्यांना असते, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर उपदेश नको, "आईबापाचा विचार कर" तर नकोच, तो तेच ओझं घेऊन बसलेला असतो. ऐका, एकटं सोडू नका, आणि त्या काळात घरातली गोळ्या-औषधं, शेतातली फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. हे साधं वाटतं पण याचा खूप फरक पडतो, कारण टोकाची लाट बहुतेक वेळा थोडा वेळच असते आणि तेवढा वेळ निघाला की माणूस वाचतो. श्रीलंकेनं जास्त विषारी कीटकनाशकांवर बंदी आणत नेली आणि तिथलं आत्महत्येचं प्रमाण पुढच्या वीसेक वर्षांत साधारण 70 टक्क्यांनी खाली आलं.

पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरणारी घरं अजून आहेत. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. तेव्हा एक मिनिट घालवू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. आणि टेली मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आत्ता हे वाचताना तुमच्याच डोक्यात असे विचार असतील तर पुढं वाचायचं राहू द्या, आधी हा नंबर लावा किंवा जवळच्या माणसाला जाऊन सांगा, जीवाला लगेच धोका वाटत असेल तर 112.

कोण गेलं तर त्याचे फोटो, चिठ्ठी, कसं झालं याचा तपशील ग्रुपवर टाकू नका, आधीच काठावर असलेल्या पोरांवर त्याचा परिणाम होतो.

अभ्यासिका, मेस, पीजी चालवणाऱ्या कोल्हापुरातल्या सगळ्यांना माझी विनंती आहे. फी भरायच्या रजिस्टरमध्ये पोराच्या घरच्या नंबरशेजारी एका मित्राचा किंवा मैत्रिणीचा नंबर लिहून घ्या, त्याच्याच पसंतीचा. कारण काही पोरांना घरी सांगणं हाच त्रास असतो. 14416 जिन्यात लावा, जिथं एकट्याला थांबून वाचता येईल. आणि निकालाच्या संध्याकाळी अभ्यासिका बंद ठेवू नका. मी त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवतो, चहा ठेवतो, ज्यांचं नाव यादीत नाही त्यांना त्या दिवशी पीजीच्या खोलीत एकटं जाऊ देत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करतो, फोन उचलला नाही तर जाऊन बघतो.