अकरा भोकं

नोकरी सोडून आठ महिने झाले. लोकांना वाटतंय मी कुठेतरी डेकवर पाय पसरून बसलोय. प्रत्यक्षात ऑक्टोबरपासून परवापर्यंत आमची शिडाची बोट पाण्याबाहेर होती, दक्षिण इंग्लंडातल्या सोलेंट नावाच्या सामुद्रधुनीच्या काठावरच्या एका यार्डात ठोकळ्यांवर उभी, आणि माझा शिडापेक्षा शिडीशीच जास्त संबंध आला. दिवसातून वीस वेळा वर खाली, वर गेलं की पाना खाली राहिलेला आणि खाली आलं की मोबाईल वर.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी लातूरचा, म्हणजे समुद्राशी काडीचा संबंध नसलेला. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली शेवटची चौदा इंग्लंडात. मे २०१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात दिवाडीला बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परत आले, ती बातमी ऑफिसात जेवताना वाचली आणि किडा तेव्हा डोक्यात शिरला तो शिरलाच. आमची बोट १९८४ सालची, ३४ फुटी, फायबरग्लासची. जुलैअखेर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या फालमथहून निघायचं, बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनमधलं ला कोरुन्या, साधारण साडेचारशे नॉटिकल मैल, ताशी पाचच्या स्पीडने चार दिवस धरा, मग पोर्तुगाल, मग कॅनरी बेटं. अटलांटिकचं तिथे पोचल्यावर बघू, हरिकेनचा सीझन तसाही नोव्हेंबरअखेर संपतो.

आता मुद्द्यावर येतो. लांबच्या प्रवासासाठी बोट तयार करायची म्हटलं की लोक आधी सोलार, लिथियम बॅटऱ्या, सॅटेलाईट इंटरनेट यावर बोलायला लागतात. मीही तेच केलं. स्प्रेडशीट बनवली, सव्वाशे ओळींची, रंगबिरंगी. आणि मग पहिल्याच आठवड्यात बोटीखाली आडवा पडलो होतो तेव्हा सहज मोजलं की पाण्याच्या पातळीखाली या बोटीला भोकं किती आहेत. अकरा. संडासाची दोन (एक पाणी आत घ्यायला, एक तुम्ही समजून घ्या), सिंकचं एक, बेसिनचं एक, इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी घेणारं एक, कॉकपिटमधलं पाणी बाहेर जायला दोन, वेग मोजणाऱ्या छोट्या पंख्याचं एक, खोली मोजणाऱ्या सेन्सरचं एक, प्रोपेलरच्या शाफ्टचं एक आणि सुकाणूच्या दांड्याचं एक.

आईला फोनवर हे सांगितलं. ती विचारत होती, "नौकरी सोडून काय करुलालास रे बाबा दिवसभर?" म्हटलं बोटीची भोकं दुरुस्त करतोय. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "बिनभोकाची घ्यायची नं मग."

तर यातल्या सात भोकांना आतून सीकॉक असतो, म्हणजे साधा नळाचा व्हॉल्व्हच, संकटात बंद करायला. बोट घेताना कागदावर लिहिलं होतं की सीकॉक सगळे बदललेले आहेत, आणि दिसतही होते छान पिवळेधमक. संडासाचा एक जरा घट्ट फिरत होता म्हणून मी हातोडीने हलकेच, खरंच हलकेच, पोळपाटावर लाटणं आपटावं एवढंच टकटक केलं आणि पाईप लावायचं टोक तुटून माझ्या हातात आलं. तुटलेला भाग पिवळा नव्हता. गुलाबी होता, चिंचेने घासलेला तांब्याचा तांब्या असतो ना तसा, आणि नखाने खरवडला तर भुगा पडत होता.

साधं पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो तांब्याचा स्पंज, आकार तोच, जोर मात्र बिस्किटाइतका. बाहेरून काही कळत नाही. पितळ उघडं पडणे या वाक्प्रचाराचा अर्थ मला वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी नीट समजला.

त्या संध्याकाळी घरी येऊन हिशोब केला. ३८ मिलिमीटरचं भोक, पाण्याखाली अर्धा मीटर. मिनिटाला साधारण सव्वाशे लिटर पाणी आत. घरातल्या बादल्यांत मोजा, मिनिटाला सात-आठ. आमचा छोटा इलेक्ट्रिक पंप मिनिटाला तीस लिटर बाहेर फेकतो, तेही कंपनीच्या कागदावर. म्हणजे बिस्केच्या मध्यावर रात्री तीन वाजता हे टोक तुटलं असतं तर… जाऊ दे. स्प्रेडशीट बंद केली आणि एका वहीत फक्त अकरा ओळी लिहिल्या.

सीकॉक बदलणं हे काम ऐकायला अर्ध्या दिवसाचं आहे. जुने निघेचनात. शेवटी बाहेरून ग्राइंडरने कापले. नवीन घ्यायचे ते ब्राँझचे, किंवा जस्त न सोडणाऱ्या खास पितळाचे, त्यावर सीआर असा शिक्का असतो, किंवा फायबर भरलेल्या नायलॉनचे. मी ब्राँझचे घेतले, महाग पडले, एका सीकॉकच्या किमतीत आमच्याकडे चांगला मिक्सर येतो, पण इथे काटकसर करायची छाती होईना. प्रत्येक पाईपला दोन-दोन क्लिप. आणि प्रत्येक सीकॉकशेजारी दोरीने बांधलेली मऊ लाकडाची निमुळती खुंटी, सगळंच तुटलं तर भोकात ठोकायला. एवढ्या सगळ्या टेक्नॉलॉजीनंतर शेवटचा उपाय म्हणजे लाकडाची खुंटी, हे मला फार आवडलं.

बेसिनचं भोक कायमचं बंदच करायचं ठरवलं, सिंक असताना बेसिन हवंय कशाला. तर असं भोक नुसतं बूच मारून बुजत नाही. बोटीची जाडी १० मिलिमीटर, आणि कडा जाडीच्या बारा पट लांब उतार देऊन घासायच्या, मग त्यात फायबरचे कापड आणि इपॉक्सी थरावर थर. म्हणजे लिंबाएवढं भोक बुजवायला मी जेवायच्या ताटाएवढा खड्डा केला, चांगल्या धडधाकट बोटीत, स्वतःच्या हाताने. ग्राइंडर चालू असताना पोटात जो गोळा आला होता तसा राजीनाम्याचा ईमेल पाठवतानाही आला नव्हता.

इंजिन बायकोकडे आहे. तिने एक दिवसाचा डिझेलचा कोर्स केला आणि तेव्हापासून मला इंजिनाला हात लावू देत नाही, आणि बरंच आहे. शाफ्टच्या भोकाचं ग्लँडही, म्हणजे शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग, तिनेच नवीन भरलं. तेवढं एकच भोक असं की शाफ्ट फिरताना ते थेंब-थेंब गळायलाच हवं, पाण्यानेच ते थंड राहतं. फार आवळलं तर तापतं. तिचं म्हणणं, हे तुला जमलं नसतं, तू आवळतच बसला असतास.

डोलकाठीच्या तारा दहा वर्षांहून जुन्या होत्या, इन्शुरन्सवाल्यांनी आधी तेच विचारलं, बदलून घेतल्या, त्यावर फार सांगण्यासारखं नाही, फक्त पैसे गेले. सोलार चारशे वॅटचं बसवलं. विजेचा हिशोब करताना मजा आली, फ्रिज दिवसाला चाळीस-पन्नास अँपिअर-अवर खातो, ऑटोपायलट किती, दिवे किती, हे सगळं वहीत मांडताना गावाकडचं भारनियमन आठवलं, लाईट जायच्या आधी मोटर, गिरणी आणि मोबाईल कशाचा नंबर आधी हे आपल्याला उपजतच कळतं.

समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन मात्र घेतलं नाही. इथले लोक वेड्यात काढतात. पण आमच्या टाक्या २८० लिटरच्या, दोघांना माणशी रोज पाच लिटर धरलं तरी २८ दिवस, आणि भांडी तर खाऱ्या पाण्यात धुवायची असतात. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि २०१६ ला तर मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. आईला २८० लिटर सांगितलं तर म्हणाली, "दोघांलाच? बक्कळ झालं की."

किराण्याची यादी अजून चालू आहे. लातूरची तूरडाळ पंधरा किलो, घरून आलेली, घट्ट झाकणाच्या डब्यांत. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणायचंच नाही हा नियम, त्यात झुरळांची अंडी येतात. कुकर आपला नेहमीचाच. बोट कितीही हेलकावली तरी कुकरचं झाकण उडत नाही आणि आमटी भिंतीवर जात नाही, सगळ्या दर्यावर्दींनी कुकर वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

परवा बोट पाण्यात गेली. मोठ्या हॉइस्टच्या, म्हणजे बोट उचलणाऱ्या क्रेनच्या, दोन पट्ट्यांत उचलतात, पाण्यात सोडतात आणि पट्ट्या ढिल्या न करता थांबतात, की बाबा आत जाऊन बघ. मी सकाळीच प्रत्येक भोकाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवला होता, दहा टिश्यू. टॉर्च तोंडात धरून एकेक बघत गेलो. सात कोरडे. आठवा कोरडा. शाफ्टखालचा कोरडा. इंजिनच्या सीकॉकखालचा ओला.

वर हॉइस्टवाला घड्याळ बघतोय, बायको फटीतून विचारतेय काय झालं, आणि मी त्या टिश्यूकडे बघतोय. वरची क्लिप अर्धा आटा सैल होती. आवळली. दुसरा टिश्यू ठेवला. पाच मिनिटं तिथेच उकिडवा बसून राहिलो, खिशात फोन वाजत होता, आईचाच असणार. टिश्यू हातात घेऊन गालाला लावून बघितला. कोरडा.

वर येऊन हॉइस्टवाल्याला अंगठा दाखवला. इंग्रजीतला.