आईचा नाणेघाट

रविवार रात्र. मुलुंडला घरी पोचून तास झाला, बूट गॅलरीत टाकलेत, अजून पाणी गळतंय त्यातून.

यंदा कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली ती फक्त आईसाठी. कॉलेजात असताना ती नाणेघाट चढली होती, आता दोन्ही गुडघे गेलेत, आणि दर पावसाळ्यात आम्ही सॅक भरल्या की दारात उभी राहून नुसतं "जपून जा गं" म्हणते, ते मला सहनच होईना. गाडीत बेड, टॉयलेट, छोटी शेगडी, म्हणजे तीपण येऊ शकते.

शुक्रवारी रात्री मुरबाडवरून घाटाच्या पायथ्याच्या वैशाखरेला पोचलो, एका ढाब्याच्या आवारात विचारून गाडी लावली. सकाळी आईने चहा टाकला आणि मी नि दादा वर निघालो. आधी रान, ओढे, मग दगडी पायऱ्या, सगळीकडून पाणी धावतंय. सातवाहनांच्या काळात बंदरावरचा माल याच वाटेने जुन्नरकडे जायचा, म्हणजे २००० वर्षं माणसं इथून चढतायत. गुहेत ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे कोरलेत, आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी. भिजून कुडकुडत होते तरी तिथून हलवेना.

खिंडीतून पठारावर आलं की उलटा धबधबा. कोकणातून आलेला वारा कड्यावर आपटून सरळ वर चढतो आणि खाली पडायला निघालेलं पाणी उचलून मागे फेकतो, वारा जरा पडला की धार गुमान खाली जाते, पुन्हा झोत आला की वर. तोंडावर असे सपकारे की डोळे उघडत नाहीत. काही पोरं अगदी टोकावर शेवाळलेल्या दगडावर सेल्फी काढत होती, बघूनच पोटात गोळा आला. बाबांनो, दहा पावलं मागूनही सगळं तेवढंच दिसतं.

आज पहाटे आईला घेऊन गाडीने माळशेज घाट चढून जुन्नर, तिथून घाटघरमार्गे साधारण ३० किलोमीटरवर नाणेघाटाचा माथा. रस्ता अरुंद, गाडी उंच, फांद्या टपाला घासत होत्या, दादाने फार जपून नेली. वर पोचलो तर नुसतं धुकं, हातभर अंतरावरचं दिसेना. गाडीतच पोहे केले आणि वाट बघत बसलो, आई एक शब्द बोलली नाही, सारखी काच पुसत होती.

मग धुकं फाटलं. दादाचा हात धरून ती हळूहळू चालत गेली, पूर्वी जकातीची नाणी ज्यात टाकायचे म्हणतात त्या दगडी रांजणाला हात लावला, म्हणाली "हा तेव्हा केवढा मोठा वाटला होता". पुढे पाण्याचा पहिला फवारा आला तसा चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि तोंड वर करून तशीच उभी राहिली, किती वेळ कोण जाणे.

परतीला माळशेजात ट्रॅफिक लागलं, ती गाढ झोपली होती. चष्मा अजून माझ्या रेनकोटच्या खिशातच आहे, सकाळी ती उठायच्या आत उशाशी ठेवायचाय.