सुखाच्या नकाशावरचा पहिला नंबर

कोणत्या भागातले लोक जास्त समाधानी, याचा रंगीत नकाशा आला की नजर आधी पहिल्या आणि शेवटच्या नावावर जाते. फसगत तिथेच होते. अगदी वर आणि अगदी तळाला बहुधा तेच भाग असतात, जिथे मोजक्याच लोकांना विचारलेलं असतं.

ब्रिटनचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०११ पासून चार प्रश्न विचारतं: आयुष्याबद्दल समाधान किती, जे करता ते करण्याजोगं वाटतं का, काल किती आनंदी होतात, काल किती चिंतेत होतात. उत्तर ० ते १० मध्ये. घरातल्या दुसऱ्याने दिलेलं उत्तर चालत नाही, त्यामुळे छोट्या भागांत उत्तरांची संख्या आणखी रोडावते.

आता हिशेब. उत्तरांचं प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरं सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेली आहेत याचं माप, २ धरा. १०० जणांना विचारलं, तर सरासरीत दोन्ही बाजूंना सुमारे ०.४ ची चूक संभवते. ४०० जणांना विचारलं, तर ०.२ ची. म्हणजे चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. असे शंभर-शंभर जणांचे दोन जिल्हे, एक ७.३ वर, दुसरा ७.७ वर. फरकातली चूक दोन्ही जिल्ह्यांच्या चुकांचे वर्ग करून, मिळवून, वर्गमूळ काढून येते: सुमारे ०.५७. फरक फक्त ०.४. या जोरावर एकाला दुसऱ्याच्या वर बसवणं म्हणजे निव्वळ मखलाशी. शिवाय एकाच घरातल्या अनेकांना विचारलं असेल, तर चूक याहून वाढते.

उपाय म्हणून तीन वर्षांची उत्तरं एकत्र करतात. आकडा स्थिरावतो, पण गेल्या वर्षी कारखाना बंद पडला असेल तर तो धक्काही त्यात विरघळतो.

फरक खरा निघाला तरी तो जागेचाच, असं नाही. मध्यमवयात समाधान कमी आणि साठीनंतर जास्त, असं ब्रिटनमध्ये दिसतं. निवृत्त लोक जास्त असलेला किनारपट्टीचा भाग त्यामुळेच उजवा ठरू शकतो. म्हणून आधी वय, आरोग्य, बेरोजगारी समान धरून तुलना करा. उरलं ते जागेच्या खात्यात. ते बहुतेकदा फार थोडं असतं, कारण दोन भागांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा एकाच भागातल्या दोन शेजाऱ्यांतला फरक कितीतरी मोठा असतो. (म्हणून सरासरीसोबत ० ते ४ गुण देणाऱ्यांचं प्रमाणही बघा.)

मुलाखती कशा झाल्या, तेही तपासा. फोनवर लोक समोरासमोरच्यापेक्षा किंचित जास्त गुण देतात. आणि चिंतेच्या प्रश्नात ० चांगला. नकाशा रंगवताना तिथे चुकून उलटा रंग भरला जाऊ शकतो.