लाल झालेला रकाना

महापेच्या एमआयडीसीत आमचं काम म्हणजे लोकांचे जुने कागद स्कॅन करायचे आणि प्रत्येक पानाची माहिती तक्त्यात भरायची. तारीख, गाव, पद, नाव. एकच पान दोघं जण एकमेकांचं न बघता भरतात. जुळलं नाही की ते माझ्याकडे तपासणीला येतं.

त्या दिवशी दोन कामं एकदमच आली होती. एक कॅनडातल्या ग्राहकाचं, मिसिसागा शहराच्या बातम्यांच्या कात्रणांचं. दुसरं ठाणे जिल्ह्यातल्याच एका महापालिकेच्या सभांच्या इतिवृत्तांचं.

दुपारी कॅनडाच्या तक्त्यातला महापौराचा रकाना वरपासून खालपर्यंत लाल झाला. एका पदावर एकच नाव बारा वर्षांपेक्षा जास्त दिसलं की सॉफ्टवेअर ती चूक धरतं. नियम चांगला आहे, कारण कंटाळलेली पोरं पहिलं नाव टाकून ते खालपर्यंत ओढून देतात. रात्रपाळीत तर सर्रास.

मी एकेक कात्रण उघडून बघितलं. नाव बरोबर होतं. हेझल मॅककॅलियन, १९७८ साली निवडून आल्या आणि २०१४ मध्ये स्वतःहून थांबल्या, तेव्हा वय ९३. नोव्हेंबर १९७९ मध्ये शहरात मालगाडी घसरली. तिच्यात क्लोरीनची टाकी होती. दोन लाखांहून जास्त माणसं घराबाहेर काढावी लागली, पण एकही दगावलं नाही. बाईंचा पाय मुरगळला होता, तरी लंगडत पत्रकारांसमोर येत होत्या. खुर्चीवर बसून एक वर्ष झालं होतं फक्त.

जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगितलं तर दिव्याहून येणारी ताई फणकारली, "छत्तीस वर्षं एकच बाई? मग बाकीच्यांनी काय सतरंज्याच उचलायच्या?" तिचं म्हणणं असं की आपल्याकडे आरक्षणाची चिठ्ठी निघते म्हणून तर ज्यांना कुणी विचारलं नसतं त्यांना खुर्ची मिळते. हे खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. पण तिकडे महापौर थेट लोक निवडतात आणि इकडे नगरसेवक, हे तिच्या गावीही नव्हतं. रोज महापालिकेचे कागद हाताळणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं, याचा मला राग येतो.

आपल्या इतिवृत्तांत नेमकी उलटी गंमत आहे. महापौराची मुदत आधी एक वर्षाची होती, पुढे अडीच वर्षांची झाली. त्यात एक खाच आहे, नवी माणसं तिथे हमखास फसतात. सभेचं इतिवृत्त कायम होतं पुढच्या सभेत, आणि सही करतो त्या पुढच्या सभेचा अध्यक्ष. मधल्या काळात महापौर बदलले असतील तर वर 'अध्यक्षस्थानी' एक नाव आणि खाली सही दुसऱ्याची. सहीवरून नाव भरलं की गेलं. गंजलेल्या टाचणीचा डाग नेमका वरच्या नावावर पडलेला असतो, तेव्हा मागच्या सभेची हजेरी काढून बसावं लागतं. हे काम मात्र मला मनापासून आवडतं.

खरा पेच शेवटच्या गठ्ठ्यात होता. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक आले, म्हणजे महापौर नाहीत आणि आयुक्तच प्रशासक; निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. आमच्या गठ्ठ्यातल्या महापालिकेचीही तीच गत. सुरुवातीलाही तसंच होतं म्हणा. ठाणे महापालिका झाली १९८२ मध्ये आणि पहिले महापौर सतीश प्रधान आले १९८६ मध्ये. प्रशासकीय ठरावाच्या पानावर प्रस्ताव मांडणारे आयुक्त, मंजूर करणारे प्रशासक, आणि दोन्हीकडे सही एकाच हाताची, एकाच पेनाची. वरची जरा घाईतली, खालची ऐसपैस.

महापौराचा रकाना सक्तीचा आहे, रिकामा ठेवला तर तक्ता पुढे सरकत नाही. साहेब म्हणाले, "लागू नाही टाक आणि मोकळा हो." मी टाकलं नाही. अडीच वर्षांच्या एका महापौरापेक्षा जास्त काळ तिथे कुणीतरी बसलेलं आहे, आणि ते 'लागू नाही' कसं?

मॅककॅलियनबाईंचं नाव अपवादांच्या यादीत गेलं, कॅनडाचं काम संध्याकाळी रवानाही झालं. इतिवृत्तांबद्दल मी ग्राहकाला विचारणा पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत गठ्ठा अडलाय, त्याचं बिलही अडलंय, आणि साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात.