एका सायकलसाठी एकोणीस दिवस

शस्त्रक्रियेत अंडकोष काढला, सीटी स्कॅनमध्ये कर्करोग कुठे पसरलेला दिसला नाही आणि रक्तातील एएफपी व बीटा-एचसीजी, म्हणजे या कर्करोगात वाढू शकणारे दोन घटक, उतरून सामान्य झाले. इथवर माझी कोणाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या एकोणीस दिवसांबद्दल.

माझी गाठ नॉन-सेमिनोमा, म्हणजे अंडकोषाच्या कर्करोगाच्या दोन मुख्य प्रकारांपैकी एका प्रकारची, पहिल्या टप्प्यातली. अशा गाठीच्या पेशी रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरलेल्या असतील, तर नुसत्या देखरेखीवर राहिलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत आजार परततो; शिरलेल्या नसतील तर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असते. पहिल्या गटातल्यांना पूर्वी बीईपीच्या, म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांच्या, दोन सायकली, म्हणजे दोन फेऱ्या, देत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘१११’ या ब्रिटनमधील अभ्यासात एकच सायकल दिली गेली आणि दोन वर्षांत कर्करोग परतण्याचे प्रमाण १.३ टक्के निघाले. सिस्प्लॅटिनने कान, मूत्रपिंडे आणि बोटांतील संवेदना, तर ब्लिओमायसिनने फुप्फुसे बिघडू शकतात, हे वाचल्यावर एका सायकलीची बचत मला फार मोठी वाटली. एक सायकल घेतलेल्यांचा पुढील पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात मला नाव नोंदवायचे होते आणि त्यासाठी शस्त्रक्रियेपासून आठ आठवड्यांच्या आत औषध सुरू होणे आवश्यक होते.

घोडे अडले ते पॅथॉलॉजीच्या अहवालावर. त्यात गाठीचा आकार होता, प्रकार होता. पेशी वाहिन्यांत शिरल्या की नाही, याबद्दल मात्र एक अक्षर नव्हते. ते लेखी आल्याशिवाय नोंदणी होणार नाही, असे अभ्यासाच्या समन्वयक बाईंनी नम्रपणे, पण ठामपणे सांगितले. म्हणून गाठीच्या नमुन्याच्या स्लाइड आणि तो ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी मी अर्ज केला. रुग्णाचा अर्ज चालत नाही, सर्जनचे पत्र हवे, असे कळले. सर्जन रजेवर होते. ते परतल्यावर पत्र मिळाले, तर त्यावर नमुन्याचा क्रमांक नव्हता. क्रमांक घालून आणला, तर शस्त्रक्रियेची तारीख नको, नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्याची तारीख हवी, असे निघाले. प्रत्येक फेरीला “फाइल वर गेली आहे” हे एकच उत्तर मिळे, आणि वर म्हणजे कुठे, हे विचारले की खिडकीमागचे गृहस्थ दुसऱ्या माणसाकडे वळत. सहाव्या फेरीला माझा आवाज चढला. त्याची लाज वाटते, पण ब्लॉक त्याच दिवशी हातात पडले, हेही खरे. दुसऱ्या तज्ज्ञांनी स्लाइड पाहून संध्याकाळपर्यंत उत्तर दिले: पेशी रक्तवाहिनीत शिरलेल्या आहेत. वाईट बातमी ऐकून मला हायसे वाटले, ते बहुधा त्या एकाच दिवशी.

म्हणून अहवाल हातात पडताच, प्रयोगशाळेच्या दारातच, हा उल्लेख त्यात आहे का ते पाहावे. त्या रिकाम्या दिवसांत मी वीर्य गोठवून ठेवले. खरे तर ते शस्त्रक्रियेआधीच करणे उत्तम, निदान केमोथेरपीआधी तरी व्हायलाच हवे. औषधाआधी श्रवणचाचणी करून घेतली, तर नंतर तुलनेला आधार राहतो. संमतिपत्राची प्रत मागून घ्यावी. अभ्यासातून केव्हाही बाहेर पडता येते, हे त्यातच लिहिलेले असते. आणि पुढे कधीही कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, तर ब्लिओमायसिन घेतल्याचे भूलतज्ज्ञाला आधी सांगावे, कारण जास्त ऑक्सिजनने अशा फुप्फुसांना इजा होऊ शकते.

औषध सुरू झाले तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते.