पाच मीटर की साठ मीटर?

टाहो लेक कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवर आहे, खोली 501 मीटर, आणि पाणी इतकं नितळ की बोटीच्या काठावरून वाकलं की पोटात गोळा येतो. तिथं मी सॅम्पल घ्यायचं काम करायचो. आईला फोनवर सांगितलं तळ्यातलं शेवाळ मोजतो, तर म्हणाली एवढं शिकून शेवाळच का रे बाबा.

साल 2017. आधी दुष्काळ, मग हिवाळ्यात तुफान बर्फ, आणि ते वितळून डोंगरातला गाळ तळ्यात उतरला. सेकी डिस्क म्हणजे दोरीला बांधलेली पांढरी थाळी, खाली सोडत जायची आणि दिसेनाशी कुठे होते ते बघायचं. 1968 मध्ये वर्षाची सरासरी 31.2 मीटर होती, 2017 ची आली 18.2, तोवरची सगळ्यात वाईट. गाळाइतकेच वैताग देतात ते सायक्लोटेला नावाचे चिमुकले डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेलं एकपेशी शेवाळ, इतके हलके की लवकर बुडत नाहीत, वरच्या थरात तरंगत राहतात आणि उजेड विखुरतात.

तर उन्हाळ्यातल्या त्या दिवशी दुपारी वारा सुटला, बोट हेलकावे खायला लागली आणि डेकवर पाणी आलं. बाटल्यांवरचं मार्कर पुसट झालं. सॅम्पल टिकावं म्हणून लुगॉलचं आयोडीन घालून बोटं मेंदी लावल्यासारखी झालेली, घाई, थंडी, आणि मी आठवणीवर विसंबून दोन बाटल्यांवर परत खोलीचे आकडे लिहिले. कुणाला बोललो नाही. एवढं काय त्यात, असं वाटलं खरं.

नंतर लॅबमध्ये सॅम्पल रात्रभर चेंबरमध्ये निवळायला ठेवलं आणि सकाळी उलट्या मायक्रोस्कोपखाली घेतलं, म्हणजे ज्याचं भिंग खालून बघतं. '60 मी.' लिहिलेल्या बाटलीत सायक्लोटेलाची नुसती खिचडी, बारीक गोल डब्या एकमेकींना खेटून. '5 मी.' वाल्या बाटलीत मात्र विरळ. मला घाम फुटला, म्हटलं लेबलं अदलाबदल झाली, आता गुपचूप फिरवून टाकू.

पण आमच्या सीनियर बाई, आयुष्य मोजण्यात गेलेलं, शेजारीच बसलेल्या. सगळं कबूल केलं, आणि वर हुशारी दाखवली की फ्लुरोमीटरच्या, म्हणजे कुठल्या खोलीवर किती क्लोरोफिल ते मोजणाऱ्या यंत्राच्या, नोंदीवरून कुठली बाटली कुठली ते कळेल ना. त्या म्हणाल्या, "नाही कळणार. खाली अंधारात पेशी क्लोरोफिल जास्त भरून ठेवतात, त्यामुळे क्लोरोफिल जास्त म्हणजे पेशी जास्त असं नाही. आणि समजा तू आत्ता ज्याला चूक म्हणतोयस तेच यंदा खरंच घडत असेल तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाण्याची सगळी घडीच विस्कटलेलं वर्ष, त्यात माझ्या डोक्यात जे 'नेहमीचं' होतं त्यावरून आकडे फिरवायचे म्हणजे मग मोजायचं तरी कशाला.

त्यांनी पेन्सिल घेतली (पेन नाहीच, ओलं झालं की शाई पसरते), वहीत खोलीच्या दोन्ही आकड्यांसमोर 'शंकास्पद' लिहिलं, कारण आणि माझी आद्याक्षरं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पुढच्या फेरीच्या आदल्या रात्री मी सगळ्या बाटल्या कोरड्या असतानाच पेन्सिलीने लेबलं लिहिली, वर टेप, झाकणावर परत आकडा. आईने विचारलं, त्या दोन बाटल्या फेकल्या का मग? नाही, लाल टेप लावून फडताळात ठेवल्यात.